पाचवी चिमणी

शुभवर्तमानांत चिमण्यांचा भाव दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी तो वेगळा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका अस्सारियनला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन अस्सारियनना पाच. अस्सारियन म्हणजे तांब्याचं हलकं नाणं. मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार, आणि त्या दिनाराचे १६ अस्सारियन होत. मराठी कानाला ‘दमडी’ म्हटल्यावर जे कळतं तेवढीच त्याची पत. आता मत्तयाच्या दराने हिशेब केला तर दोन नाण्यांना चार चिमण्या व्हायला हव्यात. लूककडे त्या पाच कशा झाल्या? हातात पिशवी घेऊन मंडईत हिंडलेल्या कुणालाही हे कोडं पडणार नाही. जरा जास्त घेतलं की विकणारा वर काहीतरी टाकतो. दोन जुड्या मेथी घेतली की भाजीवाली चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या न बोलता पिशवीत सरकवते. तशीच ती पाचवी चिमणी. तिच्यासाठी कुणी घासाघीस केली नाही, कुणी पैसे मोजले नाहीत. ती नुसती वर पडली. मुळात चिमणी हे गरिबाच्या ताटातलं मांस. पुढे इ.स. ३०१ मध्ये रोमन बादशहा डायोक्लेशनने जिनसांचे कमाल दर ठरवून दिले, त्या यादीतही खायच्या पाखरांमध्ये चिमण्या आहेत. अशा स्वस्त जिनसेतली ही फुकट गेलेली. आणि लूकच्या सांगण्याप्रमाणे येशूचं म्हणणं असं, की या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडलेला नाही.

ख्रिस्ती माणूस ज्याला समाधान म्हणतो, ते या पाचव्या चिमणीपाशी येऊन नीट पाहावं असं मला वाटतं. कारण त्याच्याविषयी भाविकांचे आणि टवाळांचे जे गैरसमज आहेत, ते आश्चर्यकारक रीतीने सारखेच आहेत. भाविक म्हणतो, देव पुरवील. आपण काळजी करू नये, सगळं ठीक होईल. टवाळ म्हणतो, बघा, सगळं काही ठीक होत नाही. तेव्हा तुमचा देव पुरवत नाही. दोघांनीही भरवशाला विम्याची पावती समजलेलं आहे. एकाला ती वटेल असं वाटतं, दुसऱ्याला ती खोटी वाटते, एवढाच फरक. मूळ वचनं मात्र दोघांपैकी कुणीच सावकाश वाचलेली दिसत नाहीत. मत्तयाकडे येशू जे सांगतो त्याचा आशय असा, की तुमच्या पित्याच्या नकळत एकही चिमणी जमिनीवर पडत नाही. चिमणी पडतच नाही, असं तो म्हणत नाही. उलट ज्या चिमण्यांबद्दल तो बोलतो त्या पडून झालेल्या आहेत. फासेपारध्याच्या जाळ्यात सापडून, पाय बांधून त्या बाजारात आलेल्या आहेत आणि थोड्या वेळाने कुणाच्या तरी चुलीवर जाणार आहेत. भिऊ नका, हे सांगताना कुणी हे उदाहरण घेईल का? सुरक्षिततेचीच हमी द्यायची असती तर गरुड हाताशी होता. जुन्या करारात देवाच्या आधाराची गोष्ट निघते तेव्हा गरुडाचे पंख पुन्हा पुन्हा येतात. ते सोडून येशूने विकायला ठेवलेल्या चिमण्या उचलल्या. ही नजरचूक असेल असं मला वाटत नाही.

या निवडीत सारं आलं. आपली काळजी बारकाईने पाहिली तर तिच्यात दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात. एक धागा सरळ आहे: उद्या भाकरी मिळेल की नाही, ताप उतरेल की नाही, पाऊस येईल की नाही. दुसरा धागा लाजरा असतो, तो आपण स्वतःशीही सहसा बोलत नाही: भाकरी मिळाली नाही तर ते कुणाच्या लक्षात येईल का? माझा भाव काय? मी वर टाकलेला तर नाही? पहिल्या प्रश्नाला येशूच्या वचनात पक्कं उत्तर नाही, असं मला प्रामाणिकपणे म्हणावं लागतं. उत्तर आहे ते दुसऱ्या प्रश्नाला. ख्रिस्ती समाधान येतं ते या दुसऱ्या गाठीची उकल झाल्यामुळे. आणि ती उकलली की पहिला प्रश्न सुटत नसला तरी त्याचा गळ्याभोवतीचा फास सैल होतो. एवढंच माझं म्हणणं आहे. दिसायला ते लहान आहे, पण पेलायला तसं नाही.

कारण लगेच दुष्काळ आठवतो. मराठी मुलखात या विषयावर बोलणाऱ्याने दुष्काळ टाळून पुढे जाऊ नये, आणि दुष्काळ म्हटला की पंडिता रमाबाई टाळता येत नाहीत. १८५८ मध्ये जन्मलेल्या या मुलीचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत, बायकामुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थ हिंडत. त्यांची श्रद्धा तोंडदेखली नव्हती. होतं नव्हतं ते त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानांत घातलं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात गाठीची शेवटची वस्तूही संपली, तेव्हा त्या कुटुंबाने उपास केले, पूजा केल्या, वाट पाहिली. वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. ज्यांनी देवावर सगळा भार टाकला त्यांनाच अन्न मिळालं नाही, हे रमाबाईंनी कोवळ्या वयात, पोटात भूक घेऊन पाहिलं. भरवशावर घेतला जाणारा सगळ्यात कठोर आक्षेप त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि त्याचा अर्थ काहीजण फार सोपा लावतात: जुन्या देवाने पुरवलं नाही, नव्याने पुरवलं. ख्रिस्ती उपदेशकांनीही हा अर्थ वापरलेला आहे. मला तो रमाबाईंवर अन्याय वाटतो, अनंतशास्त्र्यांवर तर वाटतोच. कारण नव्या देवानेही रमाबाईंच्या चिमण्या पडू दिल्या. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने गेला. हे बाप्तिस्म्याच्या आधीचं, म्हणून सोडून देऊ. पण एकुलती एक लेक मनोरमा, जिच्या हाती संस्था सोपवायची होती, ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. विमा म्हणून पाहिलं तर हा अगदी वाईट विमा ठरेल. तरी ती बाई त्यानंतरचे महिने हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या आपल्या सोप्या मराठी बायबलच्या कामाला जुंपून घेऊन राहिली आणि एप्रिल १९२२ मध्ये गेली. छापील ग्रंथ पुरा झाला तो १९२४ मध्ये. तिचा भरवसा पुरवठ्याच्या हिशेबावर उभा असता तर मनोरमेबरोबरच तो मातीत गेला असता. तो उभा होता दुसऱ्याच कशावर.

कशावर, ते रमाबाईंची संस्था होती त्या केडगावच्या माळावर दिसतं. १८९७ च्या सुरुवातीला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळताच रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. या मुली कोण होत्या? ज्यांचा कुणी भाव करत नव्हतं त्या. काहींचा बाजारात भाव होत होता, आणि ते अधिक भयंकर होतं. रमाबाई त्यांच्यात ज्या ओढीने गेल्या ती सामाजिक कार्यकर्त्याची ओढ म्हणता येईल, पण तेवढ्याने काम भागत नाही. वाळलेल्या, उवांनी भरलेल्या, चोरून खाणाऱ्या, अंगावर येणाऱ्या शेकडो पोरींना एका आवारात सांभाळायचं तर त्यांच्यातली प्रत्येक मोजलेली आहे अशी कुणाची तरी खात्री लागते. स्वतःला कुणीतरी विसरलेलं नाही, हे ज्याला कळलं त्यालाच दुसऱ्या विसरलेल्यांची मोजदाद करायला उसंत मिळते. काळजीने कासावीस झालेला माणूस फक्त स्वतःच्या मुठीतले दाणे मोजतो. दोष त्याचा नाही. भीतीचं तेच काम असतं.

इथे व्यवहारी माणूस विचारतो, की असा भरवसा माणसाला ऐतखाऊ करत नाही का? पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, म्हणून आपणही हातावर हात ठेवून बसायचं का? या प्रश्नाला लूकचाच पाठ छान उत्तर देतो. मत्तयाकडे नुसती आकाशातली पाखरं आहेत. लूककडे ती कावळे होतात. मराठी माणसाला कावळ्याची ओळख करून द्यायला नको. भल्या पहाटे उठून कुणाच्या खिडकीत काय ठेवलंय त्याचा तपास लावणारा, पिंडापाशी ताटकळून आपला मान घेणारा, कुणाच्या हातची भाकरी कधी हिसकावी याचं टिपण ठेवणारा हा गडी आळशी आहे असं कोण म्हणेल? मोशेच्या नियमशास्त्रात तर तो अमंगळ पक्षी. यहुदी ताटात त्याला जागा नाही. म्हणजे कष्टाळू आणि वर अमंगळ असा पक्षी येशूने उदाहरणाला घेतला. त्याच्याजवळ कोठार नाही, पण दिवसाचं काम आहे. आणि कोठाराचा मुद्दा निघालाच आहे तर लूकच्या त्याच अध्यायात, कावळ्यांच्या जरा आधी, तो श्रीमंत शेतकरी येतो. पीक भरघोस आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत करणारा, आणि त्याच रात्री मरणारा. पुष्कळांना वाटतं की साठवण केली हा त्याचा गुन्हा. तसं असतं तर फारोच्या मिसरात सात वर्षं धान्य भरून ठेवणारा योसेफ मोठा पापी ठरला असता, आणि बायबल त्याला तर शहाणा म्हणतं. त्या शेतकऱ्याचं बोलणं ऐकावं. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि शेवटी तो बोलतो तेही स्वतःच्याच जिवाशी. एवढं पीक आलं आणि सांगायला घरात दुसरं माणूस नाही! त्याची गरिबी तिथे आहे.

रानात देवाने पुरवलेल्या मान्ना नावाच्या अन्नाची गोष्टही या प्रश्नापाशी वाचण्यासारखी आहे. इस्राएली लोकांनी रोज लागेल तेवढंच वेचायचं, उद्यासाठी ठेवलं की त्याला किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचं, कारण सातवा शब्बाथ. आणि ते ठेवलेलं मात्र नासत नसे. नियम साठवणुकीच्या विरुद्ध नव्हता. भीतीने ठेवलेलं नासत होतं, विसाव्यासाठी ठेवलेलं टिकत होतं. रमाबाईंनाही हा फरक कळत होता असं दिसतं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं. मुदत १८९८ ला संपणार होती. देव पुरवील म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. मुदत संपायच्या आधीच त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली, विहिरी खणल्या. नंतर तिथे छापखाना आला आणि खिळे जुळवायला बायका बसल्या. भरवसा ठेवणाऱ्या बाईने विहीर खणावी यात मला विसंगती दिसत नाही. पाणी लागेल याची खात्री नसताना कुदळ मारणं, हे भरवशाचंच काम आहे.

‘समाधान’ हा शब्द पौलाच्या एका पत्रात ज्या रीतीने येतो, तीही मजेची आहे. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना तो कैदेत होता. आहे त्या स्थितीत समाधानी असायला मी शिकलो आहे, अशा अर्थाचं तो लिहितो, आणि त्यासाठी जो ग्रीक शब्द वापरतो तो स्टोइक तत्त्वज्ञांचा लाडका: ‘आउतार्केस’, स्वतःपुरता स्वतः पुरा. कुणाची गरज नसणं हा स्टोइकांचा आदर्श. पौलाने त्यांचा शब्द उचलला आणि त्याच पत्रात, त्याच परिच्छेदात, पाठवलेल्या मदतीबद्दल मंडळीचे आभार मानले. नुसते आभारही नाहीत. तिथे तो ‘आपेखो’ हे क्रियापद वापरतो, जे मिसरात सापडलेल्या पपायरसांवरच्या पावत्यांमध्ये ‘रक्कम भरून पावली’ या अर्थाने येतं. म्हणजे ख्रिस्ती समाधानाचं हे सर्वांत गाजलेलं बोलणं खरं पाहता एका पोचपावतीत लिहिलेलं आहे. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. ज्या समाधानाला दुसऱ्याच्या पैशाची, दुसऱ्याच्या हाताची लाज वाटत नाही, ते स्टोइकांच्या समाधानाहून वेगळं. आणि ‘शिकलो’ हा शब्दही वाचताना निसटू नये. ते त्याला एका प्रार्थनेत मिळालं नाही, जन्मजात स्वभावही तसा नव्हता. पौलाची इतर पत्रं वाचणाऱ्याला त्याचा स्वभाव शांत होता असं कधीच वाटणार नाही. फटके, तुरुंग, फुटलेली जहाजं, उपास अशा शाळेत तो ते शिकला.

आता मला ज्या आक्षेपाची खरी भीती वाटते तो. समाधान ही गोष्ट वरच्यांनी खालच्यांना शिकवायला फार सोयीची आहे. मळेवाल्याने गुलामाला, मालकाने मजुराला, नवऱ्याने बायकोला. देवाने ठेवलं तसं राहा म्हणजे आम्ही ठेवलं तसं राहा. अमेरिकेतल्या गुलामांना रविवारी असलीच प्रवचनं ऐकवली जात, हा इतिहास आहे. तुकोबांच्या समाधानावरच्या अभंगाचाही कुणी कुणी असाच वापर केलेला आहे. दोष तुकोबांचा नाही, आणि म्हणून प्रश्न मिटतही नाही. माझं उत्तर व्याकरणाचं आहे. ‘मी समाधानी आहे’ हे वाक्य खरं असू शकतं. ‘तू समाधानी राहा’ हे वाक्य, बोलणाऱ्याचं पोट भरलेलं आणि ऐकणाऱ्याचं रिकामं असताना, जवळजवळ नेहमी खोटं असतं. समाधान ही प्रथमपुरुषी एकवचनी गोष्ट आहे. ती दुसऱ्याच्या ताटात वाढता येत नाही. भाकरीचं उलटं आहे. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितली जाते ती ‘आम्हाला’. तिथे ‘मला’ हा शब्द येतच नाही. त्या भाकरीला जोडलेलं ग्रीक विशेषण इतकं दुर्मीळ आहे, की तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनलाही ते शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी घडवलेलं वाटलं. रोजची, की उद्याची, की जगण्यापुरती, यावर पंडित अजून भांडतात. पण ‘आम्हाला’वर कुणी भांडत नाही. आणि याकोबाच्या पत्रात तर या ढोंगाला सरळ चपराक आहे. उघड्या-उपाशी भावाबहिणीला नुसतं सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा असं म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास मेलेला आहे, असा त्याचा निवाडा. पुढे तोच याकोब कापणीच्या मजुरांचा दाबून ठेवलेला रोज आक्रोश करतो असं लिहितो. ज्या धर्मग्रंथात मजुरीसुद्धा ओरडते, तो मजुराला गप्प बसवायला वापरायचा तर पुष्कळ पानं फाडावी लागतील.

तरी एक उपप्रश्न उरतो, आणि तो घरातला आहे. एकाच्या भरवशाचा खर्च कोण सोसतं? या प्रश्नासाठी मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतका चांगला साक्षीदार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. भोळा, उदार, लहरी कवी. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हातात जायला वेळ लागत नसे. भरवसा टिळकांचा आणि डब्याच्या तळाशी पीठ किती उरलंय ते पाहायचं लक्ष्मीबाईंनी, अशी कामाची वाटणी. आकाशातल्या पाखरांसारखं जगणाऱ्या नवऱ्याशेजारी कुणीतरी दाणे वेचणारं लागतं, हे त्यांनी इतकं हसत लिहिलंय की वाचताना त्यातला काच चटकन लक्षात येत नाही. पण तो आहे. टिळकांची थोरवी मान्य करूनही मला वाटतं, त्या संसारात अधिक अवघड भरवसा लक्ष्मीबाईंचा होता. टिळक देवावर भरवसा ठेवत. लक्ष्मीबाईंना देवावर ठेवून वर टिळकांवरही ठेवावा लागे! हिशेब ठेवून, भांडून, रुसून, पुन्हा चूल पेटवून जे समाधान उरतं, ते अधिक टिकाऊ असतं. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांचं शिक्षण लग्नानंतर घरातच जेमतेम झालं होतं.

शेवटचा आक्षेप आजच्या माणसाचा, आणि तो सभ्य आहे. तुमचा भरवसा माणसाला शांत करत असेल. पण शांत करणारी प्रत्येक गोष्ट खरी असते असं नाही. मनाची समजूत म्हणून ठीक, त्यापलीकडे त्याला पुरावा काय? इथे मी पुरावा असल्याचा आव आणणार नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं उदाहरण ख्रिस्ती लोक नेहमी पुरावा म्हणून देतात. रमाबाईंवरही त्याच्या चरित्राचा मोठा परिणाम झाला होता. कुणाकडेही पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे, या नेमावर त्याने पाच मोठ्या इमारती उभारल्या आणि आयुष्यभरात १०,००० वर अनाथ मुलं वाढवली. आकडा खरा आहे. पण त्याचे वार्षिक अहवाल छापून निघत, दूरवर वाचले जात, आणि अहवाल हीसुद्धा एक प्रकारची मागणीच नाही का, असं कुणी विचारलं तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही. तेव्हा म्युलरला मी साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभा करत नाही. मात्र नुसती समजूत घालणारी गोष्ट आणि हा भरवसा यांत एक फरक दिसतो. समजूत रडू देत नाही. तिला रडणं परवडत नाही. रडलं की ती उघडी पडते. स्तोत्रसंहितेत मात्र गाऱ्हाण्यांची स्तोत्रं भरलेली आहेत: तू कुठे गेलास, किती काळ, का झोपलास. योबाने तर देवाला कोर्टात खेचलं. येशू गेथशेमाने बागेत घाबराघुबरा झाला आणि क्रुसावर त्याच्या तोंडी आलं ते एका गाऱ्हाण्याच्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. काळजी करू नका असं डोंगरावर सांगणारा आणि क्रुसावर टाहो फोडणारा एकच. ज्या भरवशात देवाला जाब विचारायला जागा आहे, त्याला नुसती गुंगी म्हणणं मला जमत नाही. गुंगीतला माणूस जाब विचारत नाही.

मग असं समाधान दिसतं कुठे? चेहऱ्यावर शोधू नये. चेहरे सवयीने शांत ठेवता येतात. ते आभारात दिसतं, आणि त्यातही आभार कधी मानले त्या वेळेत दिसतं. मिळाल्यावर आभार मानणं ही रीतभात झाली. मुंबईच्या आणि ठाण्याच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. भाताची नवी कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. शेतं बुजून त्यांवर इमारती आल्या, तरी कुठून तरी चार लोंब्या आणून हा सण होतो. तोवर पीक निदान डोळ्यांसमोर पिकलेलं असतं. गोव्यातली गोष्ट याहून धीट आहे. सासष्टीतल्या राय गावी कोणसाचं फेस्त असतं. पावसात, हिरव्या शेतात, नव्या भाताची पहिली कणसं कापतात, ती देवापुढे ठेवतात आणि मग घरोघर नेतात. कणसं कापली जातात ५ ऑगस्टला. बाकीच्या शेताची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधले सगळे आठवडे पावसाचे.